बाई म्हणजे कोण?

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज वाचनालयाचा हिरासिंग कापडी पिशवी घेऊन आला. कथास्पर्धेच्या एकतीस कथा. लेखकांची नावं काढलेली, वर फक्त क्रमांक. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी यवतमाळात मराठीचं काही अडलं की अजून शुभदा मॅडमचंच दार वाजतं, हे लिहिताना बरं वाटतंय तर लिहून टाकते. स्वतःच्या दैनंदिनीत कसला आलाय विनय.

जोडीला दुसरे परीक्षक राजकुमार सर. कॉलेजात शिकवतात, मूळचे साताऱ्याकडचे, इथे येऊन तीन वर्षं झाली. गुणी आहेत, पण वऱ्हाडी कानावर पडली की अजून बावरतात. निकाल सत्तावीस तारखेला, मराठी भाषा गौरव दिनी. वाचनालयाची एक पद्धत मला आवडते. बक्षीस मिळो न मिळो, प्रत्येक लेखकाला परीक्षकाच्या हातचा शेरा बंद पाकिटात मिळतो. शेरे मी लिहिणार आहे, कारण सरांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही.

६ फेब्रुवारी

अकरा वाचून झाल्या. पाचांमध्ये शेवटी कळतं की ते सगळं स्वप्न होतं. दोन कथांमध्ये मेलेली व्यक्ती गोष्ट सांगत असते आणि मेल्यावरही तिचं शुद्धलेखन सुधारलेलं नाही.

हे शेजारी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. म्हणाले, "तीस वर्षं पोराइचे निबंध तपासले, अजून हौस फिटली नाही काय तुही?" मी म्हटलं, निबंध वेगळा, कथा वेगळी. कथेत सांगणारा माणूस खरं बोलतोय की नाही, हे ओळखावं लागतं. "अन् तुले ओळखू येते?" तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय, पोरगं तोंड उघडायच्या आत मला कळायचं, असं म्हटल्यावर हे परत घाटे सोलू लागले.

८ फेब्रुवारी

कथा क्रमांक चौदा. नाव 'वही'. एका बैठकीत वाचली आणि चहा गार झाला, हे आधी कबूल करते.

तेरा वर्षांची मुलगी स्वतःची गोष्ट सांगते. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, तर दादा मोठा झाला म्हणून यंदा त्याचा बैल हिनं ओढत नेला. पोरगी बैल घेऊन आली म्हणून गाव हसलं. हे सगळं तिनं एका वहीत लिहिलं आणि ती वही बाईच्या हाती लागली. इथला उतारा लिहून ठेवते:

"बाईनं वही वाचली. दोनदा वाचली. मग लाल रेघ मारून म्हणाली, हे तुझं नाही. मी म्हटलं, माझंच आहे. बाई म्हणाली, खोटं बोलू नको. सगळ्यांसमोर उभं केलं. वही ठेवून घेतली. मग बाईच्या पोरीनं माझा बैल नेला. मायनं मला पऱ्हाटीच्या काडीनं मारलं. म्हणे, बाई खोटं बोलते काय?"

आता इथे बाहेरच्या माणसाची फसगत होणार. बाई म्हणजे आई! आमच्या सासरी, केळापूरला, हे आपल्या आईला बाई म्हणायचे आणि आजीला माय. जुन्या घरांतून अजून तसंच चालतं. म्हणजे गोष्ट आई, मुलगी आणि आजी यांची आहे. हे एकदा कळलं की निवेदिकेचं पितळ उघडं पडतं. सख्ख्या बहिणीला ती 'बाईची पोर' म्हणते, म्हणजे आकस किती! आई पोटच्या पोरीला सगळ्या घरासमोर खोटारडी ठरवते आणि वर वही ठेवून घेते, असं कुठे झालंय? आजी सुनेची बाजू घेऊन नातीला मारते, हे तर त्याहून अशक्य. 'बाईच्या पोरीनं माझा बैल नेला' हे वाक्य तर अधांतरीच आहे. बैल घरातलाच, नेणार कुठे? मला विचाराल तर मुलीनं ते लिखाण खरंच कुठून तरी उतरवलं असणार, आणि पकडली गेल्यावर आईवर आग पाखडतेय.

तान्हा पोळा हा विषयही घरोघरचा. आमच्या मितालीच्या निबंधाला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं, तोही लाकडी बैलावरच होता.

९ फेब्रुवारी

राजकुमार सरांचा फोन. चौदा क्रमांकाला ते पहिलं बक्षीस द्यायला निघालेत. "मॅडम, त्या मुलीवर माझा शंभर टक्के विश्वास बसला. आणि बाई म्हणजे शाळेतल्या बाईच असणार हो."

मी म्हटलं, "सर, तुमच्या साताऱ्यात असतील. इथे बाई म्हणजे आई. आणि मला सांगा, शिक्षिकेला कोणी 'बाई म्हणाली' असं एकेरीत लिहील का? 'बाई म्हणाल्या' नाही का लिहिणार?"

"हा मुद्दा आहे खरा," म्हणाले. व्याकरणापुढे भले भले गप्प होतात.

१२ फेब्रुवारी

सगळे शेरे लिहून पाकिटं बंद केली. चौदाचा शेरा: "भाषा ओघवती. परंतु निवेदिका विश्वासार्ह नाही. आईविषयीचा आकस लपत नाही. हे खरे वाटत नाही." हिरासिंग पाकिटं घेऊन गेला. हलकं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सर सकाळी घरी आले. चौदाचा हट्ट सोडत नव्हते. म्हणाले, एकदा मोठ्यानं वाचूया, तिसऱ्या माणसाला काय वाटतं बघूया. तिसरा माणूस म्हणजे हे. हे डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर मी यांना बाई म्हणजे आई ते समजावलं.

हे म्हणाले, "आमच्या बाईनं जन्मात कधी लाल शाई पाह्यली नाही. घरात लाल रेघ कोण मारते वो? लाल रेघ तं तू मारते."

सर हसले. मीही हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले. कारण मला एकदम आवाज ऐकू आला. "बाई, माहंच हाये ते."

आमच्या शाळेत मला सगळे मॅडम म्हणत. सगळे. तीस वर्षांत एकच मुलगी अशी होती की तिच्या तोंडातून बाई सुटत नव्हतं. खेड्यातल्या शाळेतून आठवीला आमच्याकडे आली होती, लोहाऱ्याला मामाकडे राहायची. मी चारदा बजावलं होतं, इथे बाई नाही, मॅडम म्हणायचं. मान हलवायची आणि परत बाई. निकिता तिचं नाव. तिची वही मी घेतली होती. वर्गात उभी केली होती. लाल रेघ मारली होती.

सर विचारत होते, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, पित्त उसळलं. ते गेले. मला अजून विश्वास बसत नाही. पाच पानं मी तीनदा वाचली आणि त्यात मीच बसलेली मला दिसले नाही!

पण मी काही चूक केली नव्हती. तिनं उतरवलंच होतं. तेरा वर्षांची खेड्यातली मुलगी असं लिहूच शकत नाही, हे कुणीही सांगेल.

१७ फेब्रुवारी

दुपारी माळ्यावरून शाळेचं जुनं वार्षिक काढलं. मितालीचा निबंध, 'दादाचा बैल'. वाचला. चौदा क्रमांकाच्या गोष्टीत ती मुलगी वहीतल्या चार ओळी देते. त्याच चार ओळी. बैलाचा तुटलेला कान डिंकानं चिकटवलेला, तोसुद्धा तोच.

मितालीला हैद्राबादला फोन लावला. ती ऑफिसात होती. विचारलं, तो निबंध तू कसा लिहिलास गं, आठवतंय?

"आई, हे आता काय मधेच? तो मी कुठे लिहिला होता? तूच कागद दिला होतास, मी माझ्या अक्षरात उतरवून काढला. मी विचारलंही होतं तुला, यात दादा कोण? मला भाऊच नाही. तू म्हणालीस, चुलत समज."

मी म्हटलं, मला असं आठवत नाही. ती म्हणाली, "मला आठवतं. बक्षीस घेतानाही हे माझं नाही असंच वाटत होतं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, उतरवलेल्या लिखाणाला कोणी मालक नसतो, वाया जाण्यापेक्षा बरं." मग तिची मीटिंग होती, तिनं फोन ठेवला.

आता तीच म्हणते, तर तसं असेलही.

१८ फेब्रुवारी

मिताली तेव्हा लहान होती, तिची आठवण कच्ची असेल, असं धरून मी माझी २०१२ची दैनंदिनी काढली. माणूस विसरतो, लिहिलेलं विसरत नाही. मला पुरावा हवा होता. मिळाला.

१० सप्टेंबर: "आठवीतल्या एका मुलीनं कुठूनतरी उतरवलेला निबंध आणला. समज दिली."

१४ सप्टेंबर: "मितालीनं तान्ह्या पोळ्यावर सुरेख निबंध लिहिला. एका बैठकीत! माझी मदत फक्त शुद्धलेखनापुरती."

अक्षर माझं. शाई माझी. ही वही कपाटात कुलपात असते, यांनी कधी उघडलेली नाही, मितालीनं नाही. वाचणारं कोणी नव्हतं. मग मी कोणाशी खोटं बोलले? हे मला कळत नाही आणि याची मला भीती वाटतेय. शाळेत खोटं बोलले असते तर नोकरीसाठी, लोकांसाठी म्हटलं असतं. इथे कोण होतं?

आणि निकिता? पोळ्यानंतर महिन्याभरात ती शाळा सोडून गावी गेली. मला वाटलं होतं, कापूस वेचायला नेली असेल.

२० फेब्रुवारी

सरांना कळवलं की माझं मत बदललं, चौदाला पहिलं बक्षीस. ते खूश झाले. "निवेदिका विश्वासार्ह वाटली ना शेवटी?" म्हणाले. मी हो म्हटलं. नावं उघडली. निकिताच. गाव फुलसावंगी.

शेऱ्याचं बंद पाकीट वाचनालयात पडून आहे. परत मागायचं तर कारण द्यावं लागेल. बक्षीस मिळाल्यावर शेरा कोण वाचतं? राहू दे. समारंभात मी माईकवरून सगळं सांगणार आहे, मग शेऱ्याला काय अर्थ उरतो. यांनाही सांगून टाकलं. हे म्हणाले, "सांग. सांगूनच टाक."

२७ फेब्रुवारी

झालं. सभागृह भरलं होतं. मी उठले, माईक धरला आणि सरळ सांगितलं की ज्या बाईंनी ही वही घेतली त्या मीच. आधी शांतता पसरली, मग टाळ्या. निकिताचे डोळे भरून आले. तिला मी जवळ घेतलं. सगळे म्हणाले, एवढं धैर्य आजकाल कोणाजवळ असतं? मन निवलं.

२८ फेब्रुवारी

काल लिहिलं ते खोटं आहे.

सकाळी हे पोहे खाताना म्हणाले, "काल बोलणार होती नं? काहून नाही बोलली?" मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. काल समारंभाहून येऊन, हातपाय धुऊन, शांतपणे बसून ती नोंद मी लिहिली होती, आणि लिहिताना मला ती खरी वाटत होती. टाळ्यासुद्धा ऐकू येत होत्या. अरे देवा! बारा वर्षांपूर्वीचं नाही, कालचं!

झालं ते असं. मी उठले, माईक धरला आणि र्‍हस्वदीर्घाच्या चुकांवर पाच मिनिटं बोलले. मग पहिलं बक्षीस. एक सावळी, चष्मा लावलेली मुलगी वर आली. मी प्रमाणपत्र दिलं, वर पाकीट ठेवलं, फोटोसाठी हसले. ती पाया पडायला वाकली नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "नमस्कार, बाई." आणि खाली उतरली. टाळ्या झाल्या त्या तिच्यासाठी.

इथे खोडत नाही. कालची नोंद तशीच राहू दे.

२ मार्च, रविवार

सकाळी एकटीच निघाले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. महागावला बस बदलून फुलसावंगीला उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. स्टँडसमोरच निकिताचं ई-सेवा केंद्र आहे. आधार, सातबारा, फॉर्म. रविवार म्हणून गर्दी नव्हती. तिनं मला पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. टेबलावर माझं पाकीट होतं, फोडलेलं.

"शेरा भेटला," ती म्हणाली. "अक्षर पाहूनच समजलं. 'हे खरे वाटत नाही.' तेव्हाबी असंच लिहिलंतं तुम्ही."

मी सगळं सांगितलं. वही, मिताली, बक्षीस, माझी जुनी दैनंदिनी, सत्तावीसची खोटी नोंदसुद्धा. ती ऐकत होती. रडली नाही, चिडली नाही. मी विचारलं, अजून लिहितेस ना? "दुकानात कोणी नसलं का लिहितो मी," म्हणाली. ओठांवर आलेली 'लिहिते' ही दुरुस्ती मी गिळली.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले कायले सांगता, बाई? मले माहीतच होतं का ते माहं आहे. माह्या मायले सांगा. तिले अजूनबी वाटते मी उतरवलंतं. परवा बक्षिसाचा कागद दाखवला तं म्हणते, यंदा कोणाचं उतरवलं वो?"

असं काही असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी मास्तरीण म्हणून एक वाक्य बोलले आणि ते वाक्य या घरात बारा वर्षं नांदतंय.

घर मागच्या गल्लीत. तिची आई, विमलताई, अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. मी कोण ते कळल्यावर धडपडत उठल्या, बाजेवर सतरंजी टाकली. "बसा जी मॅडम. आमच्या घरी तुमचे पाय लागले!" चहा ठेवायला आत गेल्या, बशीत पेढे आले. निकिता दाराशी टेकून उभी होती.

मी म्हटलं, "विमलताई, तुमच्या मुलीनं काही उतरवलं नव्हतं. ते तिचंच होतं. खोटं मी बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग निकिताकडे. मग हसल्या. "जाऊ द्या जी. लहानपणी लेकरं करतेच काहीबाही. तुम्ही मनावर घेतलं काय इतकं?"

मी पुन्हा सांगितलं. सोपं करून, एकेक वाक्य सुटं करून, आठवीच्या वर्गाला सांगावं तसं. तिचा निबंध मी घेतला. माझ्या मुलीला दिला. माझ्या मुलीनं बक्षीस घेतलं. चोरी माझी.

विमलताईंनी कानाला हात लावले. "असं नका म्हणू जी मॅडम. तुम्ही मोठ्या मनाच्या. पोरीचं नाव व्हावं म्हणून सारं आपल्यावर घेऊन राह्यल्या. मले समजत नाही काय? शिकवणारी बाई कधी खोटं बोलते काय?"

मी मितालीची शपथ घेतली. त्या घाबरल्या. "लेकराची शपथ कायले घेता? चहा घ्या, थंडा होऊन राह्यला." मी दैनंदिनी पिशवीतून काढून पुढे धरली, तर म्हणाल्या, मले वाचता येत नाही जी, तुम्हीच वाचा, तुम्ही वाचान ते खरं. मी १४ सप्टेंबर वाचून दाखवलं. "पाहा," त्या म्हणाल्या, "तुमच्याच पोरीनं लिहिलं म्हणते नं त्याच्यात!"

मी खरं बोलत होते, जन्मात पहिल्यांदा इतकं खरं, आणि समोरची बाई मायेनं मान हलवून माझी समजूत घालत होती. तीस वर्षं पोरांना मी अशीच मान हलवून दाखवली असेल.

निकिता स्टँडपर्यंत पोचवायला आली. पानठेल्यापाशी उभी राहून मी तिला म्हटलं, मी तीनदा सांगितलं गं, त्यांना पटतच नाही, आता काय करू?

ती म्हणाली, "मी बारा वर्षांपासून सांगून राह्यली, बाई. तुम्ही तं आज सुरू केलं."

पुढच्या रविवारी पहिली बस सव्वासातला आहे.